कमरेवरचा पांढरा बदाम

बर्नीच्या घरातल्या वरच्या छोट्या खोलीच्या पडद्याआडून निळा उजेड दिसला की आमच्या गल्लीत सगळ्यांना कळायचं, कोणीतरी आत भाजतंय. बर्नी माझी थोरली बहीण. कोपऱ्यावरचं अंग तांबूस करून देणारं दुकान बंद पडलं तेव्हा तिने त्यांचा सनबेड घरी आणला. तो वर चढवताना जिन्याचा कठडा निघाला, तो अजून जिन्याखालीच पडून आहे. पलंगाएवढी लांब काच, काचेखाली नळ्यांचे दिवे, वर झाकण, झाकणातही दिवे. आत उताणं पडायचं, झाकण ओढून घ्यायचं आणि घामाघूम होऊन बाहेर यायचं. आम्ही त्याला टोस्टर म्हणायचो.

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पण त्याने एकदा आमच्या बूटलमध्ये, या बंदराच्या गावात, हिवाळा काढून बघावा. गोदीवरून येणारा वारा कोटाच्या आत शिरतो आणि मार्चपर्यंत निघत नाही. आणि एप्रिल उजाडला की घोड्यांच्या शर्यती. त्यातला शुक्रवार बायकांचा. त्या दिवशी थंडीने दात वाजले तरी चालतील, पण खांदे उघडे, पाय उघडे, आणि ते सगळे मधाच्या रंगाचे हवेत. पांढरेफटक पाय घेऊन शर्यतीला जाणं म्हणजे चारचौघींत नाक कापून घेणं. म्हणून नाताळ संपला की बर्नीच्या स्वयंपाकघरात गर्दी सुरू व्हायची. डोक्याला रोलर लावलेल्या, टॉवेल गुंडाळलेल्या बायका चहा पीत आपल्या पाळीची वाट बघत बसायच्या.

मीही त्यातलीच. शाळेच्या जेवणघरात दिवसभर उभं राहून माझे गुडघे आखडतात. टोस्टरच्या उबेत ते सुटायचे. खोटं कशाला बोलू, मला तिथे फार बरं वाटायचं.

बायका प्रश्नही विचारायच्या. पण विचारतानाच उत्तर काय हवंय ते चेहऱ्यावर असायचं.

"बर्नी, हे सारखं सारखं केलं तर काही होत नाही ना गं?" शेजारची पॅट दर वर्षी विचारायची.

"काय व्हायचंय?" बर्नी म्हणायची. "उन्हाला बटण असतं का? याला आहे. कधी बंद करायचं ते आपल्या हातात. उन्हापेक्षा हे बरं."

"आणि तो काळा चष्मा?"

"डोळे मिटून घे की. चष्मा घातलास तर डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं राहतील. शर्यतीला घुबड म्हणून जायचंय का?"

"आणि सुट्टीत स्पेनला गेल्यावर तिथलं ऊन पुन्हा वेगळं..."

"म्हणून तर इथे आधी पाया घालून जायचं! अर्धं भाजलेलं अंग उन्हात जळत नाही."

अर्धा भाजलेला पाव पुन्हा टोस्टरमध्ये घातला की त्याचं काय होतं ते मी शाळेत रोज बघते. पण बर्नी असं ठासून बोलायची की आम्ही सगळ्या मान डोलवायचो. पॅटने एकदा भीत भीत कॅन्सरचं काढलं. तिच्या पुतणीला कातडीचा झाला होता. बर्नीने कपात साखर ढवळत सांगितलं, "ती ऑस्ट्रेलियात राहते ना? मग! तिथलं ऊनच तसलं." पॅटने सुटकेचा श्वास टाकला आणि टॉवेल सावरत वर गेली.

आता त्या बदामाबद्दल सांगते. पत्त्यातला बदाम असतो ना, त्या आकाराच्या टिकल्या मिळतात, पानावर ओळीने चिकटवलेल्या. कमरेच्या हाडाजवळ एक टिकली लावून आत पडायचं. टिकलीखालची कातडी पांढरी राहते, भोवतालची रंगत जाते. दर वेळी नवी टिकली, पण नेमकी त्याच जागी. मग आठवड्याच्या शेवटी पोरी स्वयंपाकघरात कपडे वर करून आपापले बदाम दाखवायच्या. जिचा बदाम सगळ्यात उठून दिसेल ती जिंकली. फोटोही काढायच्या आणि एकमेकींना पाठवायच्या.

माझी कीली त्यात सगळ्यांच्या पुढे. एकोणीस वर्षांची, नखं रंगवायच्या दुकानात काम करते, आणि हरणं तिला माहीत नाही. तिचा बाप ग्लासगोला दुसरा संसार थाटून बसलाय, त्यामुळे ती वाढली माझ्या घरात आणि बर्नीच्या घरात, अर्धी अर्धी. माझी कामाची पाळी असली की मावशीकडे जेवायची, मावशीकडेच झोपायची. माझ्यापेक्षा मावशीचं जास्त ऐकते हे मला खुपायचं, पण सोयीचं होतं.

मार्चमधला शनिवार होता. मी बर्नीकडे पाव घेऊन गेले तेव्हा पोरींचा गलका चालला होता. कीलीने विजारीचा पट्टा खाली ओढला आणि ओरडली, "बघा! आता बोला! आहे का कोणाचा एवढा?"

बदाम खरंच लख्ख होता. भोवतालची कातडी चहाच्या रंगाची आणि तो मधे दुधासारखा. पण त्याच्या पोटात काळं काहीतरी होतं. मला वाटलं चॉकलेट लागलंय. मी अंगठ्याला थुंकी लावली आणि पुसायला गेले.

"ई, आई! काय करतेस?"

ते पुसलं गेलं नाही. अंगठ्याला उंचवटा लागला.

"अगं, तो तिचा तीळ," बर्नी म्हणाली. "मीच तिला सांगितलं, टिकली नेमकी त्याच्यावर लावत जा. म्हणजे दिवे तिळापर्यंत पोचायलाच नकोत. डोकं लागतं त्याला."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. तो तीळ मला माहीत होता. कीली तान्ही असताना मी तिला मोरीतल्या टबात न्हाऊ घालायचे, तेव्हा तिच्या कमरेवर तो होता. तिळाएवढाच, तपकिरी, सपाट. बोट फिरवलं तरी लागायचा नाही. आता अंगठ्याला लागलं ते काही तेवढं नव्हतं.

घरी जाताना मी म्हटलं, "सोमवारी डॉक्टरांना दाखवू."

"कशाला? लहानपणापासून आहे तो."

"मोठा झालाय."

"मी पण मोठी झालेय, आई. माझ्याबरोबर तोही झाला. शुक्रवार होऊन जाऊ दे, मग दाखवू कोणाला दाखवायचा तो."

"कीली..."

"तुला माझी मजा बघवत नाही. मावशी म्हणते तेच खरं, तू जन्मतःच घाबरट."

आहेच मी घाबरट. आमची आई गेली तेव्हापासून दवाखान्याचा वास आला तरी माझे हातपाय गळतात. म्हणूनच मला त्या पोरीला फरफटत नेता आलं नाही. मी नुसती तिच्यामागे फिरत राहिले. ती न्हायला गेली की दाराशी जाऊन उभी राहायचे, आतून कडी लावल्याचा आवाज यायचा. शाळेत पोरांना कस्टर्ड वाढताना त्यात काळी मनुका दिसली की हात थांबायचा. मागचं पोर म्हणायचं, "मिस, माझी पाळी!"

शेवटी एक दिवस चहाच्या वेळी मी पुन्हा तेच काढलं आणि कीलीने कप आपटला.

"ठीक आहे! तुला पुरावाच हवाय ना? दर आठवड्याचा फोटो आहे माझ्याकडे. सगळे बदाम आहेत. बघ तूच, काही बदललंय का ते. आणि मग हा विषय बंद."

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. टोस्टची बशी बाजूला सारली आणि फोन टेबलावर ठेवला. पहिला फोटो नाताळानंतरचा. बदाम अजून फिक्का, मधे तपकिरी ठिपका. "हा बघ." बोटाने पुढे सरकवलं. "हा बघ." पुढे सरकवलं. "हा..."

टिकल्या सगळ्या एका पानावरच्या, एकाच मापाच्या. बदाम काही मोठा होत नव्हता. त्याच्या आतलं तेवढं मोठं होत होतं. आधी मधोमध बसलेलं, मग डावीकडे फुगलेलं, मग त्याची कड फाटक्या कागदासारखी वेडीवाकडी झाली. शेवटच्या फोटोत ते बदामाच्या काठाला टेकायला आलं होतं.

कीलीचं बोट थांबलं. मग तिने उलटं सरकवायला सुरुवात केली, शेवटून पहिल्याकडे. पुन्हा पहिल्यापासून शेवटाकडे.

"दर वेळी मीच काढत होते ना टिकली," ती हळूच म्हणाली. "मग मला कसं नाही दिसलं?"

मलाही तेच वाटत होतं. मग लक्षात आलं की आम्ही सगळ्या जणी बदामाची कड बघत होतो. रंग किती चढला, रेघ किती ठळक आली, हेच. मधे कोणी बघितलंच नव्हतं.

"आई, तू डॉक्टरांना फोन कर," कीली म्हणाली. तिने माझा हात धरला होता. सहावीत गेल्यापासून तिने माझा हात धरला नव्हता.

आमच्याकडे डॉक्टरांची वेळ हवी तर सकाळी दवाखाना उघडायच्या ठोक्याला फोन लावून बसावं लागतं. मी एक फोन लावला, कीलीने दुसरा. दोन्हीकडे तेच रेकॉर्ड केलेलं गाणं वाजत राहिलं. वेळ मिळाली एकदाची. डॉक्टरीण तरुण होती, आल्या आल्या हवापाण्याच्या गप्पा मारणारी. तिने भिंग लावून तीळ बघितला आणि तिच्या गप्पा थांबल्या.

"हा कधीपासून वाढतोय?" तिने विचारलं.

कीलीने फोन पुढे केला. डॉक्टरणीने एकेक बदाम बघितला आणि म्हणाली, "हे इस्पितळात नक्की दाखवा." तिने तिथल्या तिथे तातडीचं म्हणून पुढे पाठवलं. आमच्या दवाखान्यात तुटलेल्या हातालासुद्धा कोणी तातडीचं म्हणत नाही.

इस्पितळात त्यांनी जागा बधिर करून तीळ काढला, टाके घातले, आणि तपासून कळवू म्हणाले. किती दिवस लागतील ते धड कोणी सांगितलं नाही. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. घरातला फोन वाजला की कीली जिन्यात थबकायची आणि मी भांडी घासताना नळ बंद करायचे. दर वेळी विजेच्या कंपनीचा नाहीतर कोणा विमेवाल्याचा निघायचा.

बर्नी मात्र रोज यायची आणि रोज तेच म्हणायची. "काढला ना? मग संपलं. उगाच पोरीचं तोंड उतरवू नकोस."

"तुझा टोस्टर बंद कर आधी," मी म्हणाले.

"का? टोस्टरने काय केलं? तीळ तिचा जन्मापासूनचा."

त्याच संध्याकाळी मी कामावरून येताना वर बघितलं तर निळा उजेड. माझ्या डोक्यात सणक गेली. मी बर्नीच्या दारातून आत शिरले, बिनकठड्याच्या जिन्याने वर गेले आणि भिंतीतला प्लग उपटला. दिवे विझले, पंखा घरघरत थांबला. झाकण उचललं गेलं आणि आतून पॅट उठून बसली, चड्डीवर, रोलर लावलेल्या डोक्याने.

"कॉलेट! अगं माझं अजून अर्धं व्हायचंय!"

"पुतणीला विचार तुझ्या!" मी ओरडले. "विचार तिला, तिथलं ऊन कसं होतं!"

पॅट रडायला लागली. मग मीही रडले. वायर हातात धरून तिथेच जमिनीवर बसले आणि ती म्हातारी बाई टॉवेल गुंडाळून माझी पाठ चोळत राहिली. दारात बर्नी उभी होती. तिने माझ्याकडे वायर मागितली नाही.

शर्यतीचा शुक्रवार आला. मला वाटलं कीली जाणार नाही. पण ती सकाळी पिवळा झगा घालून माझ्यासमोर उभी राहिली.

"पट्टी दिसतेय का?"

"नाही."

"खरं सांग."

"दिसत नाही, राणी. छान दिसतेस."

ती गेली आणि घोडे पळायच्या आधीच परत आली. टाच घासली म्हणाली. बूट काढून, झगा न काढता सोफ्यावर पडून राहिली आणि मी तिच्या अंगावर माझा कोट टाकला.

इस्पितळातून निकालाचं बोलावणं आलं तेव्हा बर्नी सोबत यायला निघाली. मी नको म्हणाले. कीली म्हणाली, "येऊ दे मावशीला. ती असली की मला बरं वाटतं." मला ते लागलं. पण मी बर्नीला चल म्हणाले. बर्नीने लाल लिपस्टिक लावली होती आणि पिशवीत सॉसेज रोल घेतले होते, जणू आम्ही सहलीला चाललो होतो. बसमध्ये कोणी खाल्ले नाहीत.

खोलीत डॉक्टर होते आणि त्यांच्या शेजारी एक नर्स, हातात काही काम नसलेली. आमच्या खुर्च्यांजवळ कागदी रुमालांचा खोका ठेवला होता. शाळेत मुख्याध्यापिका आणि वर्गाच्या बाई दोघी समोर बसल्या की पोर समजून जातं. मीही समजले.

"कीली," डॉक्टर म्हणाले, "तो तीळ साधा नव्हता. त्याला मेलानोमा म्हणतात. कातडीच्या कॅन्सरमधला हा धोक्याचा प्रकार."

"पण मी झाकत होते त्याला," कीली म्हणाली. "दर वेळी. एकदाही उघडा ठेवला नाही."

"झाकल्याने असा तीळ थांबतो असं सांगता येत नाही," ते म्हणाले. "आणि हे कधी, कशाने सुरू झालं ते एका तिळावरून कोणीच सांगू शकणार नाही. एवढं सांगतो, कोवळ्या वयापासून त्या दिव्यांखाली पडणाऱ्या माणसाला हा धोका जास्त असतो. तू कधीपासून जातेस?"

कीली आपल्या नखांकडे बघत राहिली. शाळेत असल्यापासून. ते आम्हा तिघींना माहीत होतं.

त्यांनी तिला पलंगावर निजवलं. काढला तेवढा पुरत नाही, आजूबाजूची कातडी आणखी घ्यावी लागेल म्हणाले. आणि जांघेतली एक ग्रंथी काढून बघायची, ते आत पुढे सरकलंय का ते. मग त्यांनी पेन घेतलं आणि कमरेवर आखायला सुरुवात केली.

रंग अजून पुरता उतरला नव्हता. पांढरा बदाम तसाच होता, मधून टाक्यांची लाल रेघ गेलेली. पेन बदामाच्या बाहेरून फिरलं. कुठेही आत वळलं नाही. गोल पूर्ण झाला तेव्हा बदाम आख्खाच्या आख्खा त्याच्या आत होता, आणि भोवती बरीच तांबूस कातडीही होती.

कीली मान उचलून बघत होती. "सगळा घेणार?"

"सगळा," डॉक्टर म्हणाले.

तिने मान टाकली. छताकडे बघितलं. मग तोंड वळवलं, पण डॉक्टरांकडे नाही आणि माझ्याकडेही नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मला काही होणार नाही ना गं?"

तोच सूर होता. बर्नीच्या स्वयंपाकघरात, टॉवेल गुंडाळून, कप हातात धरून आम्ही विचारायचो तोच.

बर्नीने तोंड उघडलं. लाल ओठ हलले. मी वाट बघत होते, डॉक्टर वाट बघत होते, नर्ससुद्धा तिच्याकडे बघत होती. बर्नीचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि तिने पिशवी छातीशी घट्ट धरली. इतके दिवस मी तिच्या जिभेला शिव्या दिल्या होत्या. आता ती जीभ चालावी म्हणून मी काहीही दिलं असतं. डॉक्टरांनी खाली कागदाकडे बघितलं. कीली अजून बर्नीकडेच बघत होती आणि तिचे डोळे मोठे मोठे होत चालले होते.

"काय व्हायचंय?" मी म्हणाले. "काय व्हायचंय तुला, राणी? काही होत नाही."

आवाज बर्नीचा निघाला. तसाच ठासून, कपात साखर ढवळल्यासारखा. कीलीने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही सगळ्या डोलवायचो तशी मान डोलवली.